दरीचा बेत परतीपासून आखा

पेरूतल्या आरेकिपा शहरात मी एका कोमेदोरमध्ये, म्हणजे वस्तीतल्या बायकांनी मिळून चालवलेल्या खानावळीत, स्वयंसेवक म्हणून काम करत होते. 28 आणि 29 जुलैला पेरूच्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी असते. ती साधून आम्ही काही जण कोल्का दरीकडे निघालो. तीन हजार मीटरहून खोल असलेली ही दरी अमेरिकेच्या ग्रँड कॅन्यनलाही मागे टाकते.

इतक्या आडबाजूला गर्दी नसेल, असं कोणालाही वाटेल. पण गणपतीत कोकणच्या गाड्या भरतात, तशी या सुट्टीत शहरात पोटापाण्याला आलेली माणसं गावी जातात. जाताना जागा मिळाल्या. परतीला दरीकाठच्या काबानाकोन्दे गावातून सुटणाऱ्या बस आधीच भरलेल्या. आम्ही अडकलो आणि आमच्या वाटणीचं काम कोमेदोरमधल्या बायकांवर पडलं. म्हणून परतीचं तिकीट आधी काढा आणि कामावर रुजू होण्याआधी एक दिवस मोकळा ठेवा.

वाटेतली पातापाम्पा खिंड 4910 मीटरवर आहे, कळसूबाईच्या जवळजवळ तिप्पट. आमच्यातल्या एकाचं डोकं तिथे फुटायची वेळ आली, उलट्या सुरू झाल्या. उंचीवर होणाऱ्या या त्रासाला तिथले लोक सोरोचे म्हणतात. आधी काही दिवस आरेकिपात (सुमारे 2300 मीटर) काढा, भरपूर पाणी प्या. त्रास वाढला तर खाली उतरणं हाच खरा इलाज. कोकाच्या पानांचा काढा तिथे सर्रास मिळतो, पण ती पानं भारतात आणणं गुन्हा आहे.

सह्याद्रीतल्या गडावर आधी चढ असतो, दमलो की उतार. इथे उलटं. काबानाकोन्देहून दरीच्या तळातल्या सांगायेच्या हिरवळीपर्यंत सुमारे 1100 मीटर उतार, आणि थकलेल्या पायांनी तेवढाच चढ. पहाटे अंधारातच चढायला लागा, नाहीतर ऊन गाठतं. गुडघे कुरकुरत असतील तर खेचर आदल्या संध्याकाळीच ठरवा. रोख सोल (पेरूचं चलन) जवळ असू द्या.

तुम्हीही स्वयंसेवक म्हणून गेला असाल, तर पाठवणाऱ्या संस्थेने काढलेला विमा सुट्टीतल्या भटकंतीला आणि या उंचीला लागू आहे का, हे लेखी विचारा. कुठे जाताय, कधी परतणार, हे संस्थेच्या तिथल्या समन्वयकाला सांगून निघा.

एवढी तयारी जमत नसेल, तर ही सुट्टी टाळून मे किंवा सप्टेंबरमध्ये जा. तेव्हाही हवा कोरडीच असते.