इंग्रजीचा भूतकाळ : यादीपलीकडे

इंग्रजी क्रियापदांचा साधा भूतकाळ म्हटला की आपले विद्यार्थी रूपांची लांबलचक यादी घोकू लागतात. आणि मराठी वा कन्नड माध्यमातून आलेले कित्येकजण चुकीच्या भीतीने वर्गात तोंडच उघडत नाहीत. यादीमागची व्यवस्था कळली तर ही भीती पुष्कळ कमी होईल, असे मला वाटते.

प्रथम सोपी बाजू पाहू. आपण ‘आंबा खाल्ला’, ‘पोळी खाल्ली’ असे म्हणतो. इंग्रजीत दोन्हीकडे ‘एट’. कर्ता-कर्म बदलले तरी रूप तेच. अपवाद फक्त ‘वॉज’ आणि ‘वर’ यांचा.

बहुसंख्य क्रियापदांना ‘ई-डी’ लागतो. लेखनात तो एक, उच्चारात तीन. धातूचा शेवटचा ध्वनी ट किंवा ड असेल तर ‘इड’ : वॉन्टिड, नीडिड. अन्य अघोष ध्वनी असेल तर ‘ट’ : वॉक्ट, लाफ्ट, वॉश्ट. स्वर किंवा अन्य घोष व्यंजन असेल तर ‘ड’ : प्लेड, कॉल्ड. घोष-अघोष हा भेद आपण मराठी व्याकरणात शिकलेलोच आहोत. तेव्हा ‘वॉकेड’, ‘लाफेड’ म्हणण्याचे कारण नाही.

आता अनियमित रूपे. ‘गो’चे ‘वेन्ट’ कसे? ते मुळात ‘वेन्ड’ या निराळ्या धातूचे रूप आहे. पण आपला ‘गेला’ तरी ‘जा’पासून कुठे आला? ‘जा’च्या मागे संस्कृत ‘या’ धातू आहे, तर ‘गेला’च्या मागे ‘गम्’चे ‘गत’. कन्नडमध्येही ‘माडु’चे ‘माडिदनु’ होते, पण ‘होगु’चे ‘होदनु’, ‘बरु’चे ‘बंदनु’. तिन्ही भाषांत जाणे-येणे यांसारखी नित्याची क्रियापदेच नियम मोडतात. ती सतत कानांवर पडतात, म्हणून त्यांची जुनी रूपे टिकतात. इतर पुष्कळ रूपे कालांतराने नियमात आली. ‘हेल्प’चे जुने ‘होल्प’ जाऊन ‘हेल्प्ट’ झाले. नवी क्रियापदे तर बहुधा नियमितच असतात.

एक पथ्य मात्र पाळावे. प्रश्नात व नकारात ‘डिड’ आले की भूतकाळ त्यातच दाखवला जातो. पुढे मूळ धातूच हवा. ‘डिड यू गो?’ बरोबर, ‘डिड यू वेन्ट?’ चूक.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, यादी बाजूला ठेवा. रोज संध्याकाळी आपण दिवसभरात काय केले ते पाच इंग्रजी वाक्यांत मित्राला मोठ्याने सांगा. नित्याची अनियमित रूपे त्यातच पुन्हा पुन्हा येतील व जिभेवर बसतील.