पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका

पदवीच्या शेवटच्या निकालात माझ्या एका विषयाच्या अंतर्गत गुणांची जागा रिकामी होती. लेखी पेपर सुटला होता, ट्युटोरियल दिलं होतं, तोंडी परीक्षाही झाली होती. तरी शेरा ‘अनुत्तीर्ण’. गावी, सुप्याला फोन केला तर वडिलांनी एवढंच विचारलं, “पोरी, पास झालीस का नाही?” त्याचं सरळ उत्तर माझ्याकडे नव्हतं.

कॉलेजचं नाव घेत नाही, कारण असं कुठेही घडू शकतं. तो विषय शिकवणारे सर तासिका तत्त्वावर होते. सत्र संपलं, त्यांची नेमणूक संपली, ते दुसरीकडे रुजू झाले आणि गुणांची यादी विभागातून परीक्षा विभागाकडे गेलीच नाही. सरांवर माझा राग नाही. तासाच्या हिशेबाने राबणाऱ्या माणसाने पुढचं काम शोधायचं नाही तर काय करायचं? कायम प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवल्या, की त्याची झळ विद्यार्थ्यांना बसतेच.

परीक्षा विभागाच्या खिडकीवर “उद्या या”, “साहेब मीटिंगला गेलेत” हेच ऐकत राहिले. लेखी अर्ज देऊन आवक क्रमांकाचा शिक्का घेतला, त्यानंतर फाईल हलली. सरांची सही आणि तारीख असलेली ट्युटोरियलची वही जपून ठेवली होती, ती पुरावा ठरली. गुण मिळाले, मी पास झाले. पण तोवर एम.ए.चे प्रवेश संपले होते. ते वर्ष मला परत मिळालं नाही.

सुपं आणि भोवतालची गावं बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातली. इथल्या कितीतरी घरांतून कॉलेजात जाणारं ते पहिलंच पोर असतं, त्यामुळे घरात विचारायला कोणी नसतं. पण सुप्याच्या उपबाजारात चिंच घातल्यावर आपला माणूस हिशोबपट्टी घेतल्याशिवाय घरी येतो का? तीच शिस्त विद्यापीठातही लागते. हॉल तिकीट, परीक्षा फॉर्मची पावती, सही झालेलं जर्नल, अर्जाची पोच हे सगळं पदवीचं प्रमाणपत्र हातात येईपर्यंत एका फायलीत ठेवा आणि मोबाईलवर फोटोही काढून ठेवा. अंतर्गत गुण निकालापूर्वी विभागात जाऊन विचारा. ते दाखवायला शिक्षक सहसा नाही म्हणत नाहीत.

कायदाही आपल्या बाजूने आहे, हे मला फार उशिरा कळलं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 प्रमाणे निकाल 30 दिवसांत लावण्याचा प्रयत्न विद्यापीठाने करायचा असतो आणि 45 दिवसांची मर्यादा असते. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये निकाल दिला, की विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहता येते. मात्र उत्तरपत्रिका ठरावीक काळच जपतात, आणि छायांकित प्रत व पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाची मुदत तर मोजक्या दिवसांची असते. म्हणून निकाल लागल्यावर रडत बसण्यात आठवडा घालवू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायलाच हवी. तिचा निर्णय पटला नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे 15 दिवसांत अपील करता येतं.

मुलींना एक वेगळं सांगते. एक वर्ष गेलं की घरात लग्नाचा विषय निघतो. माझ्याही निघाला. वडील ठाम राहिले म्हणून मी पुढे शिकले, पण प्रत्येकीच्या घरी असं होत नाही. आपल्यासाठी कागद वेळेवर हलणं म्हणूनच जास्त मोलाचं.

यंदा सुप्यातून बारामतीला किंवा पुण्याला शिकायला निघालेल्यांनी पहिल्याच आठवड्यात परीक्षा विभाग आणि तक्रार समितीचा पत्ता वहीत लिहून घ्यावा. आणि आधी शिकून आलेल्यांनी सुट्टीला गावी आल्यावर या पोरांना तासभर जवळ बसवून अर्ज कसा लिहायचा ते शिकवावं.