एका ताटाभोवतीची शिकवण

घरच्या दस्तरख्वानावर मुलाने रश्श्यातला मोठा तुकडा आधी उचलला, तर आई कौतुकाने पाहते. तेच मूल पाळणाघरात, अंगणवाडीत किंवा मदरशाच्या वसतिगृहात वीस-पंचवीस मुलांबरोबर जेवायला बसते, तेव्हा त्याने अधिक घेतलेला घास दुसऱ्या कोणाचा तरी असतो. म्हणून सामूहिक भोजनाचे शिष्टाचार हा हक्कांचा विषय आहे, आणि हक्कांचा विषय हा दीनचा विषय आहे.

या बाबतीत हजरत उमर बिन अबू सलमा (रजि.) यांनी स्वतःच्या बालपणाची एक आठवण सांगितली आहे. ती सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. उहुदच्या लढाईतील जखमेमुळे त्यांच्या वडिलांचे पुढे निधन झाले. त्यांच्या आई हजरत उम्मे सलमा (रजि.) यांचा विवाह आदरणीय प्रेषितांशी (स.) झाला आणि हा पितृहीन मुलगा प्रेषितांच्या छत्राखाली वाढू लागला. जेवताना त्याचा हात ताटात चहूकडे फिरत असे. प्रेषितांनी (स.) त्याला ‘बाळा’ अशी हाक मारून तीन गोष्टी सांगितल्या: अल्लाहचे नाव घे, उजव्या हाताने खा आणि आपल्या पुढचे खा. त्यानंतर आपली जेवण्याची रीत कायम तशीच राहिली, असे ते सांगतात.

वाचकहो, या प्रसंगाकडे शिक्षकाच्या नजरेने पाहा. चूक घडत असतानाच ती सुधारली गेली. शिकवण मोजक्या शब्दांत होती. ‘हावरा’ असे नाव ठेवले गेले नाही. काय करावे तेवढेच सांगितले गेले. सांगणारे मुलाच्याच ताटावर जेवत होते. आपल्याकडे मात्र पुष्कळदा मोठी माणसे हातात पळी घेऊन उभी राहतात आणि वरून ओरडतात.

वसतिगृहातील एखादे मूल भराभर खाते, भाकरी खिशात लपवते. त्याला सर्वांसमोर उभे करण्यापूर्वी आपण विचार करावा. पुन्हा मिळेल की नाही, ही भीती त्या हातामागे असू शकते. सूरह अद्-दुहामध्ये अनाथाशी कठोरपणे न वागण्याची आज्ञा आहे. ती जेवणाच्या वेळी विसरता येत नाही. अशा मुलाला आधी थोडे वाढावे आणि दुसऱ्यांदा नक्की वाढावे. काही दिवसांत भरवसा बसला, की हात आपोआप सावकाश होतो.

दुसरी शिकवण खजुरांची आहे. दुष्काळाच्या एका वर्षी लोक एकत्र बसून खजूर खात असताना हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) त्यांना प्रेषितांची (स.) मनाई आठवण करून देत: सोबत्याची परवानगी घेतल्याशिवाय दोन-दोन खजूर एकदम उचलू नयेत. मुलांना हे सहज समजते. ‘मी आणखी घेऊ का?’ हे शेजाऱ्याला विचारण्याची सवय त्यांना येथूनच लावावी.

रोजच्या व्यवहारात काही गोष्टी पाळाव्यात. हात धुऊन सर्वांनी एकत्र बसावे. बिस्मिल्लाह म्हणण्याचा मान पाळीपाळीने एकेका मुलाला द्यावा. कोणी विसरले, तर आठवताच म्हणू द्यावे. वाढण्याचे काम मोठ्या मुलांकडे सोपवावे व त्यांनी शेवटी जेवावे, कारण लोकांना पाणी पाजणाऱ्याने स्वतः शेवटी प्यावे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. डावखुऱ्या मुलाला प्रेमाने व धीराने सवय लावावी. त्याच्या हातावर मारू नये. प्रेषितांनी (स.) अन्नाला कधी नावे ठेवली नाहीत, आवडले तर खाल्ले, नाही तर सोडून दिले. तेव्हा ‘आज पुन्हा खिचडीच!’ हे वाक्य मोठ्यांच्या तोंडूनही निघू नये आणि न आवडलेला पदार्थ मुलाच्या तोंडात कोंबूही नये. शेवटी सर्वांनी अल्हम्दुलिल्लाह म्हणावे आणि आपापले ताट उचलावे.

अंगणवाडीत निरनिराळ्या धर्मांची मुले एकत्र जेवतात. तेथे आपल्या मुलाने हळू आवाजात बिस्मिल्लाह म्हणावे आणि शेजाऱ्याच्या ताटात काय कमी आहे याकडे लक्ष द्यावे. त्याच्या दीनची ओळख तेथे त्याच्या वागण्यातूनच होईल.

माता-पित्यांनी एवढे करावे: दिवसातून निदान एकदा मुलांबरोबर एकाच दस्तरख्वानावर बसावे. पळी खाली ठेवून, शेजारी बसून शिकवलेले मुलाला आयुष्यभर पुरते. अल्लाह आपणा सर्वांना ही सद्बुद्धी देवो. आमीन.