रोबोटची कुस्ती : वजन सारखे, जोर वेगळा



मी कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. पण हा विषय हिशेबाचा, म्हणून मला उमगला. जपानमध्ये १९९० च्या दशकापासून रोबोट-सुमो स्पर्धा भरतात. १५४ सेंटिमीटर व्यासाच्या पोलादी रिंगणात दोन रोबोट झुंजतात. लांबी-रुंदी २० सेंटिमीटरच्या आत, वजन ३ किलोपर्यंत. एका गटात खेळाडू रिमोटने रोबोट चालवतो. प्रतिस्पर्ध्याला बाहेर ढकलणारा जिंकतो.

वजन सारखे, मग जय कशाने मिळतो? चाकांच्या पकडीने. रबरी चाकाचा घर्षणांक ०.८ धरा. ३ किलोचा रोबोट फार तर २.४ किलो वजनाइतका जोर लावील. मोटर मोठी घेतली तरी चाक जागीच फिरेल. तळाशी १० किलो ओढीचे चुंबक बसवले, की दाब १३ किलो आणि जोर १०.४ किलोपर्यंत. मात्र तेवढे बळ मिळण्यासाठी दंतचक्रांनी मोटरचा वेग कमी करावा लागतो. पुढचे पाते जमिनीलगत ठेवावे. ते प्रतिस्पर्ध्याखाली शिरून त्याची चाके उचलते व पकड सुटते. चुंबक हाताळताना बोटे सांभाळावीत.

महाग मोटर घेण्यासाठी आईवडिलांकडे पैसे मागण्याआधी हा गुणाकार कागदावर करा. पेन्सिल सर्वांना परवडते.