स्मृती जवळची आणि दूरची : सर्व्हरच्या मांडणीतील एक प्रश्न

मामलेदार कार्यालयाच्या खिडकीशी एक-चौदाचा उतारा मागावा आणि लिपिकाने ‘सर्व्हर मंद चालतो आहे’ असे सांगावे, हा अनुभव अनेकांच्या परिचयाचा आहे. त्याची कारणे नाना असतात. परंतु यंत्र नवे, स्मृती विपुल, आणि तरीही काम रेंगाळते, तेव्हा एका उपेक्षित कारणाकडे लक्ष देणे अगत्याचे ठरते.

मोठ्या सर्व्हरमध्ये बहुधा दोन वा अधिक प्रोसेसर असतात. पूर्वी ते सर्व एकाच सामायिक मार्गाने स्मृतीकडे जात व तेथे दाटी होई. एएमडी कंपनीने २००३ साली ऑप्टेरॉनमध्ये आणि इंटेलने २००९ साली झिऑन ५५०० मालिकेत स्मृतीचे नियंत्रण प्रोसेसरच्या आतच आणले. तेव्हापासून अशा यंत्रांत प्रत्येक प्रोसेसरला लगतची अशी स्वतःची स्मृती लाभली. दुसऱ्याची स्मृती त्याला वर्ज्य नाही. मात्र तेथे पोहोचण्यास दोहोंमधील दुवा ओलांडावा लागतो व वेळ अधिक लागतो. घरच्या कणगीतले धान्य आणि शेजाऱ्याच्या कणगीतले धान्य, असा हा भेद आहे. या रचनेस ‘न्यूमा’ म्हणतात व प्रोसेसर आणि लगतची स्मृती यांच्या गटास ‘नोड’.

लिनक्स प्रणालीत ‘न्यूमासीटीएल’ या साधनाने नोडांमधील अंतरांचा तक्ता पाहता येतो. स्वतःच्या नोडचे अंतर १०, तर दुसऱ्याचे पुष्कळदा २० किंवा २१ दिसते. हे आकडे निर्मात्याने फर्मवेअरमध्ये भरलेले असतात, मोजलेले नव्हेत. त्यांवरून दुप्पट वेळ लागतो असा निष्कर्ष काढू नये. बायोसमध्ये ‘नोड इंटरलीव्हिंग’ चालू असल्यास मात्र प्रणालीला एकच नोड दिसतो आणि पुढील उपायांना अर्थच उरत नाही.

लिनक्सचा मूळ नियम साधा आहे : स्मृतीच्या पानाला जो प्रोसेसर प्रथम स्पर्श करील, त्याच्या नोडमधून ते पान द्यावे. लहान कामांना हा नियम उत्तम. मोठ्या कामांत तोच कसा अडचणीचा होतो, हे मायएसक्यूएल या माहितीकोशाच्या उदाहरणाने कळते. जेरेमी कोल यांनी २०१० साली त्याचे विवेचन प्रसिद्ध केले होते. समजा, यंत्रात ३२ गिगाबाइटचे दोन नोड आहेत आणि माहितीकोशाने ४८ गिगाबाइट स्मृती व्यापली. पहिला नोड काठोकाठ भरतो, उरलेली १६ दुसऱ्यात जातात, आणि तेथे तितकीच जागा रिकामी राहते. पुढे पहिल्याच नोडमध्ये स्मृतीची निकड भासली की प्रणाली तेथील पाने डिस्कवर लोटू लागते. एकूण हिशेबात स्मृती शिल्लक, आणि तरीही यंत्र धापा टाकते! व्यवस्थापकाने केवळ बेरीज पाहिली तर त्याला उलगडा होणे कठीण. यावर उपाय म्हणजे पाने सर्व नोडांत आळीपाळीने वाटणे. न्यूमासीटीएलच्या ‘इंटरलीव्ह’ पर्यायाने हे साधते. २०१५ साली मायएसक्यूएलमध्येच तशी सोय आली.

‘झोन रिक्लेम’ ही मांडणीही पाहावी. ती चालू असता, दूरची मोकळी स्मृती न वापरता जवळच्या स्मृतीतील साठवलेल्या फायली काढून टाकल्या जातात. २०१४ च्या ३.१६ आवृत्तीपासून ती मूळची बंद असते. जुन्या यंत्रांवर ती शून्य करावी.

याउलट, एका नोडमध्ये मावणारे काम, उदाहरणार्थ लहानसे आभासी यंत्र, त्याच नोडच्या प्रोसेसरला व स्मृतीला बांधून देणे हितावह. येथे ‘मेमबाइंड’ हा पर्याय जपून वापरावा. तो कठोर आहे. नोड भरला तर अन्यत्र जागा असूनही काम बंद पडू शकते. ‘प्रीफर्ड’ हा सौम्य पर्याय पुष्कळदा पुरेसा होतो. २०१३ पासून लिनक्समध्ये स्वयंचलित समतोलही आहे. कोणते पान कोण वापरतो हे पाहून तो पाने हलवितो. त्या पाहणीसही श्रम पडतात, म्हणून हाताने बांधणी केली असल्यास तो बंद करावा.

बदलापूर्वी व नंतर ‘न्यूमास्टॅट’चे आकडे टिपावेत. ते यंत्र सुरू झाल्यापासूनचे असल्याने, कार्यालयातील गर्दीच्या वेळी तासाभराच्या अंतराने दोनदा नोंद घेऊन त्यांतील फरक पाहावा.