तहान लागण्यापूर्वीं विहीर
(दवाखान्यास दिलेल्या दानाविषयीं धडा)

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें आपण सर्व जाणतों. परंतु दवाखान्यास दान देण्याच्या बाबतींत पुष्कळांस ह्याचा विसर पडतो. घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे हात सैल होतो, आणि तें बरें होऊन परत आलें म्हणजे तोच हात पुन्हां आवळला जातो. तातडीच्या रोग्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टराचें काम कसें चालतें हें नीट पाहिलें, तर ही चाल कां सोडावी तें कळेल.

१. डॉक्टराजवळ वेळ किती असतो?

पावसाळ्यांत वऱ्हाडांतील शेतांत निंदण चालू असतें, त्या दिवसांत सर्पदंशाचे रोगी येतात. अकोल्यास किंवा अमरावतीस अपघात विभागांत असा रोगी आणला म्हणजे त्याचा श्वास चालू आहे कीं नाहीं हें डॉक्टर प्रथम पाहतो. नाग किंवा मण्यार चावली असेल तर पापण्या जड होतात व श्वास मंदावतो. तेव्हां घशांत नळी घालून, पिशवी हातानें दाबून श्वास द्यावा लागतो. घोणस चावली असेल तर रक्त गोठेनासें होतें. त्याची परीक्षा सोपी आहे. थोडें रक्त स्वच्छ व कोरड्या कांचेच्या नळींत घालून २० मिनिटें न हालवितां ठेवतात आणि मग नळी कलती करतात. रक्त पातळच राहिलें तर विष अंगांत भिनलें असें समजावें. मग घोड्याच्या रक्तापासून तयार केलेलें प्रतिविष शिरेंतून द्यावें लागतें, आणि त्याच्या पहिल्याच खेपेस ८ ते १० कुप्या लागतात. तसेंच, फवारणीचें विष अंगांत गेलेल्या मजुरास अ‍ॅट्रोपिनच्या सुया एकामागून एक द्याव्या लागतात.

ह्या धांवपळींत बाजारांत जाऊन औषध आणण्यास सवड कोठची? कपाटांत आधीं जें ठेवलें असेल तेवढेंच डॉक्टराचें बळ. विद्या कितीही मोठी असो, रिकाम्या कपाटापुढें ती लंगडी पडते. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण जाणतों. त्यानें जखमा बांधल्याच. पण निघतांना उतारशाळेच्या रखवालदारापाशीं पुढच्या खर्चाचे पैसेही ठेविले. दवाखान्यास दिलेलें दान ह्याच दुसऱ्या प्रकारचें आहे.

२. आपल्या प्रांतांतील उदाहरणें

अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयास लोक डफरीन म्हणतात. हें नांव लेडी डफरीन ह्यांनीं १८८५ सालीं उभारलेल्या फंडाची आठवण देतें. पुरुष डॉक्टरापुढें जाण्यास ज्या स्त्रियांस संकोच वाटे, त्यांस स्त्री डॉक्टर व दाया मिळाव्या म्हणून तो वर्गणीनें जमविला होता.

वाशीम पूर्वीं अकोला जिल्ह्यांत होतें. नाझरीन मंडळीच्या डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ सालीं हिंदुस्थानांत आल्या, आणि १९३८ सालीं वाशीम येथें रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय सुरू झालें. त्या काळीं परदेशांतील मंडळ्यांच्या स्त्रिया जुन्या चादरी धुऊन, फाडून, त्यांच्या पट्ट्या गुंडाळून मिशन दवाखान्यांस पाठवीत. ती पट्टी कोणाच्या जखमेस लागेल हें पाठविणारीस ठाऊक नसे. मेळघाटांत बैरागड येथें डॉ. रवींद्र कोल्हे व डॉ. स्मिता कोल्हे ह्यांनीं अनेक वर्षें आदिवासी रोग्यांची सेवा केली. त्यांस २०१९ सालीं पद्मश्री मिळाली. अशा दूरच्या ठिकाणीं तर साधन आधींच जवळ असणें अधिकच अगत्याचें.

३. कोणतें दान उपयोगीं पडतें?

पहिलें रक्त. तें कोणत्याही कारखान्यांत होत नाहीं. बाळंतपणांत रक्तस्राव होऊं लागला तर मातेचा प्राण थोड्या वेळांत जातो. रक्तदात्याकडून एका वेळीं साधारण ३५० मिलिलिटर रक्त घेतात व तें सुमारें ३५ दिवस टिकतें. म्हणून एकदां देऊन भागत नाहीं. १८ ते ६५ वर्षांच्या, ४५ किलोहून कमी वजन नसलेल्या निरोगी माणसास तें देतां येतें. पुरुषांनीं ३ महिन्यांनीं व स्त्रियांनीं ४ महिन्यांनीं पुन्हां द्यावें.

दुसरें, चालू खर्चाचें दान. २०२१ च्या फेब्रुवारींत कोविडची दुसरी लाट अमरावती व अकोला येथें लवकर उठली, आणि प्राणवायूची किंमत सर्वांस कळली. परंतु दान मिळालेलें यंत्र वीज, सुटे भाग व तें चालविणारा शिकलेला माणूस ह्यांवांचून कोपऱ्यांत धूळ खात पडतें. हातमोजे, टांक्यांचा दोरा, जनित्राचें डिझेल ह्यांवर दात्याचें नांव कोरतां येत नाहीं. तरी पुष्कळदां त्यांनींच प्राण वांचतो.

कोणी म्हणेल, ठेवलेलें औषध वापरलेंच नाहीं तर पैसा वाया गेला. तसें नाहीं. रात्रीं चोर आला नाहीं म्हणून राखणदाराची मजुरी वाया गेली असें कोणी म्हणत नाहीं.

४. मंडळीनें काय करावें?

सुगींत प्रत्येक घरानें दवाखान्यासाठीं पायलीभर ज्वारी किंवा तिची किंमत वेगळी काढावी. देण्यापूर्वीं दवाखान्यास काय हवें तें विचारावें आणि पावती घेऊन मंडळीपुढें वाचावी. वर्षांतून एक दिवस रक्तपेढीच्या लोकांस गांवीं बोलवावें. सर्पदंश झाल्यास जखम कापूं नये, चोखूं नये, आवळून बांधूं नये, मांत्रिकाकडे वेळ दवडूं नये; चावलेला अवयव न हालवितां १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी.

उपदेशक बंधूंनीं पुढील प्रश्न मंडळीस विचारावे:
(अ) आपल्या गांवापासून प्रतिविष मिळण्याचें सर्वांत जवळचें ठिकाण कोणतें, व तेथें पोंचण्यास किती वेळ लागतो?
(आ) रक्त देण्यास योग्य अशीं माणसें आपल्यांत किती?
(इ) ह्या सुगींत आपण किती वेगळें काढूं?