वाढणाऱ्या मुलाचा हात

चि. भाच्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

महागड्या रेस्टॉरंटमधले जेवण फसते तेव्हा चूक बहुधा वाढणाऱ्याची नसते. टेबलावरची मागणी केओटीने, म्हणजे स्वयंपाकघरासाठीच्या चिठ्ठीने, आत जाते आणि तिथे तिची वाटणी होते. तंदूरवाला वेगळा, ग्रेव्हीवाला वेगळा, थंड पदार्थांचा माणूस वेगळा. एका टेबलाची ताटे एकदम बाहेर यावीत अशी रीत असल्यामुळे आधी तयार झालेला मासा बाकीच्या पदार्थांची वाट पाहत थांबतो. तेवढ्यात सॉस साकळतो, कडा सुकतात. शनिवारी रात्री सगळी टेबले एकाच सुमारास भरली की हे थांबणे आणखी लांबते. ताट घेऊन येणारा मुलगा या साखळीतला शेवटचा. मीठ, पाककृती, किंमत यांतले काहीच त्याच्या हातात नसते.

किमतीचेही समजून घेण्यासारखे आहे. मेनूवरच्या आकड्यात कच्च्या मालाचा वाटा साधारण एक तृतीयांशच्या आसपास असतो. बाकीचे पैसे भाडे, पगार, वीज, परवाने आणि सजावट यांत जातात. लोअर परळला गिरण्यांच्या आवारांत जी रेस्टॉरंटे उभी राहिली, तिथे तर जागेचेच मोल मोठे. म्हणून जास्त पैसे मोजले की पोट भरेलच असे नाही. एका डिशमध्ये किती येते, तिखट किती, दोघांत पुरेल का, हे मागवण्याआधी विचारावे. चांगल्या ठिकाणी ते आनंदाने सांगतात.

पदार्थ बिघडलेला असेल तर पहिल्या दोन घासांतच सांगावे. अर्धे ताट संपल्यावर स्वयंपाकघराला ना तो तपासता येतो, ना बदलून देता येतो. मॅनेजरला बोलवावे. ‘बेकार आहे’ म्हणण्यापेक्षा ‘मासा मधे कच्चा आहे’, ‘भात गार आहे’ असे नेमके सांगावे. ताट बदलण्याचा किंवा बिलातून रक्कम वजा करण्याचा अधिकार मॅनेजरला असतो. वाढणाऱ्या मुलाला नसतो.

बिलाचे नियम स्पष्ट आहेत. सर्व्हिस चार्ज आपोआप किंवा सक्तीने लावता येत नाही, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी काढली. रेस्टॉरंटांच्या संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती तत्त्वे कायम ठेवली. सर्व्हिस चार्ज काढून टाका असे शांतपणे म्हणता येते, आणि ऐकले नाही तर 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते. जीएसटी मात्र टाळता येत नाही. पाण्याच्या बाटलीवरून भांडण्यातही अर्थ नाही. हॉटेल-रेस्टॉरंटात छापील किमतीहून जास्त घेता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2017चा निकाल आहे.

हे सगळे लिहिण्याचे कारण ठाण्याच्या मावशीचा फोन. आईच्या साठीनिमित्त चिरंजीवाने सगळ्यांना मोठ्या ठिकाणी नेले, जेवण गार आले, आणि चिरंजीवाने बिलाची फाइल त्या वाढणाऱ्या मुलाच्या अंगावर भिरकावली, असे ती म्हणाली. मावशीच्या सांगण्यात तिखटमीठ असते हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मामाला त्या रात्री झोप लागली नाही.

लालबागच्या खोलीत आजीची खानावळ होती. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार तिचे मेंबर. ताटे आजी भरायची. वाढायला मामा, पोळ्या लाटायला चिरंजीवाची आई. आमटी पातळ झाली की शिव्या वाढणाऱ्याला बसायच्या. डाळ महागली, 1982च्या संपात मेंबरांची बाकी थकली, त्याचा राग तरी वाढणारा पोरगा कुठे नेणार? एकदा एकाने ताट ढकलले, आजी आत जाऊन रडली, आणि मामा दाराशी नुसता उभा राहिला. तिच्याजवळ जाऊन बसायला हवे होते. ते राहिले ते राहिलेच.

म्हणून रेस्टॉरंटमधल्या त्या मुलाचे मनातून जात नाही. त्याचा पगार किती, तो कुठल्या गावचा, ड्यूटी संपल्यावर कुठली शेवटची गाडी पकडतो, हे टेबलाशी बसलेल्याला कळत नाही. पोळ्या लाटत वाढलेल्या आईला मात्र ते न सांगता कळते. त्या रात्री ती गप्प झाली ती जेवणामुळे नसेल.

रागामागचे कारणही मामाला कळते. महिनेन् महिने बाजूला टाकलेले पैसे, आईने ठेवणीतली पैठणी नेसलेली, आणि तिच्या पुढ्यात गार ताट. ज्याला आईची एवढी पर्वा आहे, तो मुलगा वाईट नाही. आजीला अशा ठिकाणी कोणीच नेले नाही. भाच्याने आपल्या आईला नेले. मामाशी फोनवर बोलताना आईने जेवणाचा विषय काढला नाही. लेकाने रिक्षातून उतरताना हात कसा दिला, तेच परत परत सांगत राहिली.

शक्य असेल तर एकदा त्या ठिकाणी जाऊन त्या मुलाला भेटावे. नाही जमले तरी मामा रागावणार नाही. दिवाळीत आईला घेऊन इकडे यावे. कोळंबीची आमटी मामा करील, आजीच्या हाताची नाही होणार, पण गरम असेल. येताना काही आणू नये.

कळावे,
मामाचे आशीर्वाद